जुनी पॉवरबोट घ्यायची आहे: इंजिनापाशी हात पोचतो का, आणि पोचल्यावर काय तपासायचं?

खाडीकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. देवगड ते मालवण पट्ट्यात सुट्टीच्या दिवशी गरीची मासेमारी आणि घरच्यांना फिरवणं, एवढ्यासाठी जुनी फायबरची बोट बघतोय. दोन नजरेत आहेत.

अ) २६ फुटी, केबिनवाली. एकच डिझेल इनबोर्ड (बोटीच्या आत बसवलेलं इंजिन), चार सिलिंडर, शाफ्ट आणि पंखा. इंजिन मागच्या डेकखाली. आत कूलंट, त्याला थंड करायला समुद्राचं पाणी हीट एक्स्चेंजरमधून. मीटरवर १,१५० तास.

ब) २२ फुटी, उघडी. मागे बाहेर टांगलेलं इंजिन (आऊटबोर्ड), यामाहा एफ११५, फोर-स्ट्रोक. मीटर नाही. विकणारा "चारेकशे तास झाले असतील" म्हणतो.

दिसायला दोन्ही चकाचक, किमतीत फार अंतर नाही. बोट खाडीत पाण्यातच राहणार, ट्रेलर नाही. इंजिनाच्या बाजूने काय बघायचं आणि कशावरून सरळ मागे फिरायचं?

---

ग्रीसगन

तास आणि हॉर्सपॉवर मागाहून. आधी 'अ'चं झाकण उघडून आत उतरा. वरून टॉर्च मारून "हां, इंजिन आहे" एवढंच कळतं. झाकण एकट्याने उचलता येतं का, उघडल्यावर ते तोलून धरायला गॅसची दांडी किंवा हुक आहे का, ते पहिलं. लाटेवर बोट डुलत असताना ते मानेवर आलं तर दुरुस्ती करणाराच आडवा होईल.

मग एकेका गोष्टीला हात लावून या: इंजिनाची डिपस्टिक, ऑइल फिल्टर, डिझेलचे दोन्ही फिल्टर, समुद्राच्या पाण्याचा पंप, त्याची गाळणी, तळाचा सीकॉक (समुद्राचं पाणी आत येतं त्या भोकाचा कॉक), अल्टरनेटरचा पट्टा, स्टार्टर, गिअरबॉक्सची डिपस्टिक, शाफ्टचा ग्लँड (शाफ्ट बोटीबाहेर जातो तिथलं पाणी अडवणारं सील). नुसता हात लागून भागत नाही, पाना फिरायलाही जागा हवी. प्रत्यक्ष पाना लावूनच बघा. विकणारा वैतागला तर वैतागू दे.

सगळ्यात जास्त वेळ पाण्याच्या पंपापाशी घालवा. झाकणाला चार ते सहा छोटे स्क्रू असतात. पंपाचं तोंड भिंतीकडे असेल आणि स्क्रू आरशातूनच दिसत असतील, तर आधीच्या मालकाने इंपेलर (पंपातलं पाणी ढकलणारं चाक) वेळेवर बदलला असेल यावर माझा विश्वास नाही. रबरी इंपेलर वर्षाला एक किंवा २०० तासांनी बदलायचा असतो, आणि तो बिघडतो तो नेमका समुद्रात. वीस मिनिटांत बदलता आला पाहिजे. त्यासाठी पंपाच्या पुढे निदान वीतभर मोकळी जागा लागते, नाहीतर इंपेलर ओढून काढता येत नाही.

त्याच पंपाच्या पोटाला खाली एक बारीक भोक असतं. एका बाजूला पाण्याचं सील, दुसऱ्या बाजूला ऑइलचं, मधल्या जागेचं ते भोक. तिथे मिठाचा पांढरा ओघळ वाळलेला दिसला तर पाण्याचं सील गेलंय. भोक कुणी सिलिकॉन भरून बुजवलं असेल तर बोट सोडून या. बाहेर पडायला वाट नसली की ते पाणी बेअरिंगमध्ये, आणि पुढे इंजिनाच्या ऑइलमध्ये जातं.

आता ऑइल. बोटीत संपचा (इंजिनाच्या तळातल्या ऑइलच्या भांड्याचा) ड्रेन बोल्ट सहसा हाती लागत नाही, ऑइल डिपस्टिकच्या नळीतून हातपंपाने ओढायचं असतं. संपला तशी नळी जोडून आणलेली असेल तर उत्तम.

हीट एक्स्चेंजरच्या आतली नळ्यांची जुडी एका टोकाने बाहेर सरकवायची असते, म्हणजे जेवढी जुडीची लांबी तेवढीच समोर मोकळी जागा हवी. टोकापासून १५ सेंटिमीटरवर भिंत असेल तर साफसफाईला अख्खा एक्स्चेंजर उतरवावा लागतो. मग ते काम "पुढच्या वर्षी" वर जातं.

शेवटी टेप घेऊन झाकणाचं भोक मोजा आणि इंजिनाची लांबी-रुंदी मोजा. इंजिन डेक न कापता बाहेर येतं का? नसेल येत तर गिअरबॉक्ससकट ओव्हरहॉल करायच्या दिवशी फायबरचा मिस्त्रीही धरावा लागणार.

---

वेंगुर्ल्याचो

इंजिन बरा आसा, पण हात खय जाता? ग्रीसगनान सगळा सांगितल्यान. माझी एकच भर: भिंतीकडची बाजू बघा. पुढून रंग मारतात, मागून कोण मारता? आणि होजच्या क्लिपांवर इंजिनाचाच रंग चढलेलो दिसलो तर समजा की पाइप न काढताच वरून स्प्रे मारलेलो आसा.

---

निळीशाई

'अ'साठी क्रम असा ठेवा.

इंजिन थंड असताना पोचा आणि "मी येईपर्यंत सुरू करू नका" हे आदल्या दिवशीच सांगून ठेवा. पोचल्यावर ब्लॉकला तळहात लावा. कोमट असेल तर परत दुसऱ्या दिवशी. खराब कॉम्प्रेशन, दमलेले इंजेक्टर, ढिली बॅटरी ही सगळी दुखणी थंड स्टार्टला उघडी पडतात आणि गरम झाल्यावर लपतात.

सुरू करण्याआधी डिपस्टिक काढा. डिझेलचं ऑइल काळं असतंच, त्याची काळजी नको. पण दुधाळ चहासारखं असेल तर पाणी शिरलंय. पातळी खुणेच्या वर आणि ऑइल पातळ, डिझेलचा वास येणारं असेल तर इंजेक्टर गळतोय किंवा लिफ्ट पंपाचा डायफ्रॅम गेलाय. कूलंटचं झाकण उघडून वर तेलाचा तवंग आहे का बघा.

बॅटरीला मल्टिमीटर लावा. बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास, क्रँक करताना ९.६ च्या खाली नको, सुरू झाल्यावर १३.८ ते १४.४. क्रँकला व्होल्टेज टिकतंय तरी स्टार्टर रडतोय, तर बॅटरी नवीन घेऊन काही होणार नाही. जाड केबलींची टोकं आणि इंजिनाचा अर्थ तपासा. टोकाला वायरची सोललेली तार हिरवी-काळी दिसली तर साधी गाडीची वायर वापरलीय. बोटीला कल्हई केलेली तांब्याची वायर लागते, आपल्या खाऱ्या हवेत तर नक्कीच.

धूर: काळा म्हणजे हवा कमी किंवा लोड जास्त, निळा म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा थंड स्टार्टला मिनिटभर चालतो. गरम झाल्यावरही राहिला तर एकतर डिझेल न जळता बाहेर येतंय, नाहीतर पाण्याची वाफ आहे. हात धरून वास घ्या, डिझेल असेल तर कळतं. मग आयडलवर ऑइल भरायचं झाकण काढा. थोडी वाफ येणारच. पण चुलीत फुंकणी मारल्यासारखे ठोके येत असतील तर पिस्टनच्या रिंगा संपल्या.

समुद्रात किमान पाऊण तास न्या आणि मधे दोन-तीन मिनिटं पूर्ण रेस द्या. प्लेटवर लिहिलेले आरपीएम मिळाले पाहिजेत. तापमान आयडलला नीट आणि पूर्ण रेसवर हळूहळू चढत गेलं तर एक्स्चेंजर चोंदलाय किंवा पाणी कमी येतंय. साधी बंदुकीसारखी इन्फ्रारेड थर्मामीटर मिळते, ती घेऊन जा आणि एक्झॉस्टच्या एल्बोनंतरच्या (धुरात समुद्राचं पाणी मिसळतं तो वाकडा तुकडा) रबरी होजवर धरा. पाणी नीट मिसळत असेल तर तिथे हात ठेवता येईल इतपतच गरम असतं.

तो एल्बो हा डिझेल बोटीचा सगळ्यात दुर्लक्षित भाग. आतून गंजतो आणि काजळीने चोंदतो, बाहेरून काही दिसत नाही. चार बोल्ट काढून आत बोट घाला. भोक अर्ध्यावर आलं असेल तर नवीन एल्बोची किंमत सौद्यातून वजा.

---

पंखा_फिरला

'ब'ची बाजू कुणी घेत नाहीये म्हणून मी घेतो :)

आऊटबोर्डला हात पोचण्याचा प्रश्न नाही, काउल (वरचं झाकण) उचललं की सगळं समोर. पण तिथेही एक जागा लपलेली असते: पाण्याचा पंप गिअरकेसच्या वर, पायात. इंपेलर बदलायला खालचा पाय उतरवावा लागतो. त्या बोल्टांची डोकी नीट बघा. रंग अखंड, पान्याची एकही खूण नाही, तर इंपेलर कंपनीतून आला तोच आहे. आणि खाऱ्या पाण्यात पाच-सात वर्षं न काढलेला बोल्ट नुसता पान्याने निघत नाही, डोकं मोडून हातात येतं. म्हणून विकणाऱ्याला सांगा, पाय माझ्यासमोर उतरवून दाखवा. उतरला तर शाफ्टच्या टोकाच्या उभ्या दात्यांवर (स्प्लाइन) ग्रीस आहे का तेही दिसतं. कोरडे दाते वर क्रँकमध्ये गंजून बसतात.

गिअर ऑइल: पंख्याजवळचा खालचा स्क्रू आधी ढिला करा, वरचा बंद ठेवून. पाणी जड असतं, तळाशी बसतं, म्हणून पहिले दोन-चार थेंब तेच सांगतात. मग वरचा स्क्रू काढून सगळं ऑइल पांढऱ्या भांड्यात घ्या. ताकासारखं असेल तर सील गेलंय. स्क्रूच्या चुंबकावर राखेसारखी बारीक पूड चालते, चकचकीत तुकडे चालत नाहीत. नवीन ऑइल भरताना खालून भरायचं, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. वरून ओतलं तर हवा अडकते.

पंखा काढून मागे बघा. गरीची नायलॉनची दोरी शाफ्टला गुंडाळून वितळलेली असते, सील कापते ती तीच. आपल्याकडे जाळ्यांचे तुकडे इतके तरंगत असतात की हे दर दोन-तीन महिन्यांनी बघायला हवं.

कॉम्प्रेशन: इंजिन गरम करा, सगळे प्लग काढा, इग्निशन तोडा (लाल कॉर्डची क्लिप ओढून), थ्रॉटल पूर्ण उघडा, आणि प्रत्येक सिलिंडरला सारखेच फेरे द्या, पाच-सहा. आकडा किती यापेक्षा चारही एकमेकांच्या १० टक्क्यांत आहेत का ते महत्त्वाचं. एकच कमी आला तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून परत घ्या. वाढला तर रिंगा, न वाढला तर व्हॉल्व्ह. शेजारशेजारचे दोन कमी असतील तर हेड गॅस्केट.

---

ग्रीसगन

@पंखा_फिरला, सगळं मान्य, फक्त "किती चालवलं" हे कॉम्प्रेशन सांगत नाही. एफ११५ मध्ये इंजिनाच्या कॉम्प्युटरला तास आठवतात. यामाहाचं वायडीएस लॅपटॉपवर लावलं की एकूण तासच नव्हे, कुठल्या आरपीएमला किती तास तेही निघतं. मीटर नसलेल्या बोटीला हे केल्याशिवाय टोकन देऊ नये. आणि याच इंजिनाला टायमिंग बेल्ट असतो. १,००० तास किंवा ५ वर्षं, जे आधी येईल ते. तासांपेक्षा वर्षंच आधी भरतात. सुझुकीच्या डीएफ११५ ला चेन आहे, तिथे हा खर्च नाही.

---

पंखा_फिरला

वायडीएसवाला मालवणात शोधायला लागेल, पण मान्य.

---

रेवसबंदर

विषय थोडा बाजूचा, पण 'अ' आणि 'ब' दोघांना लागू. तळाचे कॉक.

बरेच जण बोटीला घरच्या प्लंबिंगचा पितळी बॉल व्हॉल्व्ह लावून देतात. हँडल सुंदर फिरतं, कुणाला शंका येत नाही. खाऱ्या पाण्यात पितळेतलं जस्त निघून जातं आणि उरतं ते तांब्याचं सच्छिद्र स्पंज. ओळखायची खूण: बाहेरच्या कडेवर चाकूच्या टोकाने ओरखडा काढा. पिवळा चमकला तर ठीक. गुलाबी, विटकरी निघाला तर तो व्हॉल्व्ह हातोडीच्या हलक्या टोल्याने तुटू शकतो, आणि तुटला की दीड इंची भोकातून समुद्र आत. तुमची बोट तर कायम पाण्यातच राहणार आहे. ब्रॉन्झ किंवा जस्त न सोडणारं डीझेडआर पितळ घ्या, नाहीतर बोटीसाठीचे खास प्लास्टिकचे.

कॉक फिरवूनही बघा. नुसता "आहे" म्हणून उपयोग नाही. अडकलेला कॉक आणि नसलेला कॉक यांत बुडायच्या वेळी फरक नसतो. बाजूला दोरीने बांधलेला लाकडी शंकूचा बूच असेल तर मालक जाणता आहे.

---

सुंठवडा

मांडव्याला एक तिसरी बोट बघितलीय मी, स्टर्नड्राइव्हवाली, पेट्रोल व्ही६. तुमच्या बजेटमध्ये येईल. विचारून सांगू का धागाकर्त्यांना?

---

निळीशाई

ताई, खाडीत कायम उभ्या राहणाऱ्या बोटीला स्टर्नड्राइव्ह नको. ट्रान्सममधून (बोटीच्या मागच्या उभ्या भिंतीतून) पाय बाहेर जातो तिथे रबरी घड्यांचा बेलो असतो, पाण्याच्या पातळीखाली. तो दर वर्षी तपासायचा आणि दोन-तीन वर्षांनी बदलायचाच. फाटला की आधी गिंबल बेअरिंगमध्ये (पायाकडे जाणाऱ्या शाफ्टच्या) पाणी (आयडलला सुकाणू पूर्ण फिरवल्यावर घरघर येते), नंतर बोटीत. आपल्या पाण्यात त्या घड्यांत बार्नेकल (चिकटून बसणारे कवचाचे जीव) बसतात, पाय वर घेतला की त्यांच्या धारदार कडा रबर कापतात. बदलायला बोट बाहेर काढून अख्खा ड्राइव्ह उतरवावा लागतो.

शिवाय पेट्रोल इनबोर्ड म्हटलं की बंद खोलीत पेट्रोलची वाफ. ती हवेपेक्षा जड, बिल्जमध्ये (बोटीच्या तळाच्या पोकळीत) साचते. सुरू करण्याआधी ब्लोअर (ती वाफ बाहेर काढणारा पंखा) चार-पाच मिनिटं चालवायचा आणि तरी नाकाने वास घ्यायचा. इथे विकत घेणाऱ्याने एकच गोष्ट न चुकता बघावी: स्टार्टर आणि अल्टरनेटर बोटीचेच आहेत की गाडीचे. दिसायला सारखेच, पण बोटीच्या स्टार्टरची ठिणगी बाहेर येत नाही अशी बंदिस्त रचना असते. गाडीचा स्वस्तात बसवलेला असेल तर ती बोट कुणीच चालवू नये.

---

सुंठवडा

बापरे. नाही विचारत. वाखु (वाचनखूण) साठवली.

---

डोलकाठी

पेट्रोलचं कुणी बोललं नाही. आता पंपावर बहुतेक ई२० मिळतं, २० टक्के इथेनॉल. बहुतेक आऊटबोर्ड कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये मर्यादा १० टक्क्यांची आहे. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. प्रमाणाबाहेर पाणी झालं की इथेनॉल-पाणी वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं, आणि सक्शनची नळी नेमकी तळाशीच असते.

'ब' बघताना टाकी आणि इंजिन यांच्यामधला पाणी वेगळं करणारा फिल्टर १० मायक्रॉनचा आहे का बघा, त्यातलं पेट्रोल काचेच्या बाटलीत ओता आणि दहा मिनिटं ठेवा. मध्ये रेघ दिसली तर टाकी, होज, इंजिनातला छोटा वेपर सेपरेटर (पेट्रोलची छोटी टाकी) सगळं साफ करायचा खर्च धरा. पंपाचा रबरी फुगा आणि होज दाबून बघा. चिकट, फुगलेले असतील तर इथेनॉलने खाल्लेत.

टाकी डेकखाली फोममध्ये बसवलेली असेल आणि वर झाकण नसेल तर ती ॲल्युमिनियमची टाकी खालून ओल्या फोमने सडली तरी कळत नाही. हा सुद्धा हात पोचायचाच प्रश्न.

पावसाळ्यात टाकी काठोकाठ भरून ठेवा, म्हणजे हवा आणि ओलावा राहत नाही.

---

ग्रीसगन

शेवटचं वाक्य डिझेलला शंभर टक्के. ई२० ला नाही. जून ते सप्टेंबर चार महिने भरून ठेवलेलं पेट्रोल शिळं होतं आणि जे वेगळं व्हायचं ते होतंच, फक्त आता ते १५० लिटर असतं. पेट्रोल मे अखेरीपर्यंत वापरून संपवा, उरलेलं काढून घ्या, वेपर सेपरेटरच्या ड्रेन स्क्रूतून शेवटचं रिकामं करा.

---

डोलकाठी

रिकाम्या टाकीत घाम धरतो त्याचं काय?

---

ग्रीसगन

धरतो. सप्टेंबरात तळातलं दोन लिटर बाटलीत काढून बघायचं. १५० लिटरपेक्षा दोन लिटर फेकणं परवडतं.

---

खाडीकाठ

मंडळी, मनापासून आभार. रविवारी दोन्ही बघितल्या. टिपणं देतो:

अ: ब्लॉक पोचलो तेव्हाच कोमट होता. पाण्याच्या पंपाचं तोंड भिंतीकडे, मधे १२ सेंटिमीटर. सीकॉक खरवडला, गुलाबी. ग्लँडमधून बोट उभी असताना सेकंदाला साधारण एक थेंब. प्लेटवर ३,२०० आरपीएम, पूर्ण रेसवर २,८५० च्या वर गेलं नाही, मागे काळा धूर. तापमान २,२०० वर ८२, पूर्ण रेसवर ९६ आणि चढतच होतं, म्हणून रेस काढली. तळ मागच्याच आठवड्यात घासलेला.

ब: कॉम्प्रेशन पीएसआयमध्ये १८५, १८०, १८२, १७८. वायडीएसवर ९६० तास, त्यातले निम्म्याहून जास्त १,००० आरपीएमच्या खाली. गिअर ऑइल दुधाळ. पायाचे बोल्ट कधी काढलेले नाहीत. दोन निघाले, बाकीच्यांना फिटरने हात लावला नाही. पूर्ण रेसवर ५,४००.

---

निळीशाई

'अ'वर आधी. आरपीएम कमी, काळा धूर, तापमान चढतं, ही तिन्ही एकाच कारणाची असू शकतात: इंजिनावर ओझं जास्त किंवा श्वास कोंडलेला. तळ साफ आहे म्हणजे उरतं ते असं: पंखा मोठा बसवलाय, एअर फिल्टर, किंवा एल्बो चोंदलाय. त्यात एक्स्चेंजरही चोंदलेला असेल तर तापमानाचं कारण वेगळं. पण सगळ्यात आधी डॅशवरचा मीटरच खरा बोलतोय का, ते पुलीवर चिकटपट्टी लावून ऑप्टिकल टॅकोमीटरने बघा. १० टक्क्यांची चूक जुन्या मीटरला मोठी नाही.

ग्लँड: उभ्या बोटीला जवळजवळ कोरडा हवा, शाफ्ट फिरताना मिनिटाला काही थेंब. नट अजून आवळायला आट्या शिल्लक आहेत का? नसतील तर आतली पॅकिंगची दोरी संपली. नवीन दोरी बसवताना तीन-चार वेगवेगळ्या कड्या कापायच्या, सांधे एकाखाली एक येऊ द्यायचे नाहीत. दोरी बदलूनही गळलं तर शाफ्टलाच चर पडलाय. घाईने जास्त आवळू नका. चालू असताना ग्लँड हाताला कोमट लागला पाहिजे, चटका नाही.

आणि कोमट ब्लॉक. तो मी विसरणार नाही.

---

रेवसबंदर

गुलाबी कॉकवाली बोट अजून तरंगतेय हेच नवल. घेतली नाही तरी मालकाला सांगा.

---

पंखा_फिरला

'ब' वाईट नाही. ९६० तास म्हणजे खोटं बोलले, पण निम्मे तास आयडलला म्हणजे गरी ओढत हळू फिरवलीय. त्याचं दुखणं वेगळं: फोर-स्ट्रोक सतत थंड आणि हळू चालवलं की न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकला वास घ्या, पातळी खुणेच्या वर आहे का बघा. थर्मोस्टॅट मिठाने उघडा अडकला असण्याची शक्यता जास्त, तो आणि वरचा ॲनोड (इंजिनाऐवजी स्वतः झिजणारा धातूचा तुकडा) सोबतच काढून बघा. ब्लॉकमधले हे आतले ॲनोड बाहेरचे बदलणारेही विसरतात.

५,४०० हे ५,००० ते ६,००० च्या मध्यात आहे, ठीक. पंखा एक इंच कमी पिचचा (एका फेऱ्यात पुढे सरकायचं अंतर) लावला तर दीडशे-दोनशे वाढतील. घरची पाच माणसं बसवून एकदा बघा, मग ठरवा.

दुधाळ ऑइलसाठी गिअरकेसला प्रेशर टेस्ट: ऑइल काढून वरच्या भोकाला गेज लावा, हातपंपाने १० ते १५ पीएसआय भरा, पाच मिनिटं स्थिर राहिलं पाहिजे. उतरलं तर साबणाचं पाणी लावून बघा कुठून फुगे येतात: पंख्याचा शाफ्ट, गिअर बदलायचा शाफ्ट, की वरचा ड्राइव्ह शाफ्ट. पंख्याच्या शाफ्टचं सील बदलायला पाय उतरवावा लागत नाही, बाकी दोन्हींना लागतो. आणि न निघणारे बोल्ट तिथेच आडवे येतात.

पैशांचा हिशेब करताना इंपेलर किट, टायमिंग बेल्ट, थर्मोस्टॅट, सील किट आणि ते बोल्ट उष्णता देऊन काढायची मजुरी, एवढं वजा करा.

---

वेंगुर्ल्याचो

ट्रान्सम बघितलास काय? इंजिन पूर्ण वर उचल, पायाच्या टोकावर दोन्ही हातांनी जोरात दाब, आणि दुसऱ्या माणसाक ट्रान्समकडे बघूक सांग. लवलो तर आतला प्लायवूड कुसला. मग प्लास्टिकच्या हातोडीन खालून वर ठोकीत जा. कडकडीत आवाज बरो, ढबढब आवाज वायट. बोल्टांच्या आणि मासे हुडकूच्या सोनार यंत्राच्या स्क्रूंच्या भोवती जास्त ठोक, पाणी तिथूनच शिरता.

---

खाडीकाठ

ट्रान्सम बघितला, लवत नाही, आवाज कडक. खाली स्क्रूपाशी एका जागी थोडा बद्द वाटला, हाताच्या पंजाएवढा.

आणखी दोन प्रश्न. मे संपत आलाय, सौदा आता करू की पावसाळ्यानंतर? आणि रोज फ्लश करायचा (इंजिनातून गोडं पाणी फिरवायचं) म्हणजे नेमका कसा, बोट तर पाण्यातच असणार?

---

ग्रीसगन

पंजाएवढा बद्द म्हणजे स्क्रू काढून त्या भोकात ३ मिलिमीटरचं ड्रिल घाला. बाहेर येणारा भुसा कोरडा पिवळा असेल तर इपॉक्सीने बुजवून विसरा. काळपट ओला असेल तर कुठपर्यंत पसरलंय ते कळेपर्यंत थांबा.

सौद्याचं: १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंदी, बंदरातल्या बोटी शाकारलेल्या, समुद्र बंद. आता घेतलीत तर ट्रायल सप्टेंबरशिवाय नाही, आणि नारळी पौर्णिमेच्या आसपास एकही फिटर मोकळा मिळत नाही. म्हणून आता थोडं टोकन द्या, पाय उतरवणं, प्रेशर टेस्ट, ट्रान्समची कामं जून-जुलैत जमिनीवर करून घ्या, आणि बाकी रक्कम सप्टेंबरातल्या ट्रायलनंतर. कागदावर तसं लिहून घ्या. त्याच वेळी महाराष्ट्र सागरी मंडळाच्या नोंदणीवरचा इंजिन नंबर आणि इंजिनावरचा नंबर जुळवा. इंजिन बदललेल्या बोटींत नेमकं हेच राहून गेलेलं असतं.

---

पंखा_फिरला

फ्लश. काउलच्या खाली बागेच्या पाइपाची तोटी असते. ती इंजिन बंद ठेवून वापरायची, १० ते १५ मिनिटं, इंजिन वर उचललेल्या स्थितीतही चालतं. तोटीतून पंपाला पाणी मिळत नाही, त्यामुळे त्या वेळी इंजिन सुरू केलंत तर इंपेलर कोरडा फिरून जळेल. सुरू ठेवून फ्लश करायचा तर पायाच्या जाळीवर कानटोपीसारखे मफ लावायचे, तेही बोट बाहेर काढल्यावर.

पाण्यात उभी असताना पाय पूर्ण वर, पाण्याबाहेर ठेवा. तळाला तांब्याचा अँटिफाउलिंग (शेवाळ-शिंपले बसू नयेत म्हणूनचा) रंग माराल तर तो पायाला लावू नका, ॲल्युमिनियम खातो. ॲनोडवर तर कुठलाच रंग नाही. खाडीत नांगरता आणि पाणी निमखारं असतं, तेव्हा जस्ताऐवजी ॲल्युमिनियमचे ॲनोड बरे. अर्धे झाले की बदला. बसवल्यावर ॲनोड आणि ब्लॉक यांच्यात मल्टिमीटरने रेझिस्टन्स बघा, एक ओहमच्या खाली हवा. नाहीतर नुसताच दागिना.

---

डोलकाठी

आणि ओहोटीला उथळ जागी रेस देऊ नका. देवबाग, तारकर्लीकडे वाळूच्या दांड्यावरून गेलेल्या बोटींचे इंपेलर उघडले की पंपाच्या स्टीलच्या कपावर वर्तुळाकार चरे दिसतात. नुसता इंपेलर बदलून उपयोग नाही, किटमध्ये कप आणि खालची प्लेटही येते, ती टाका. भांगाच्या दिवसांत भरतीलाही पाणी फार चढत नाही, तेव्हा तर जास्तच सांभाळून.

---

खाडीकाठ

टोकन 'ब'ला. पाय उतरवायला फिटर सोमवारी येतोय. बोल्ट मोडले तर काय?

---

पंखा_फिरला

आज रात्रीपासूनच प्रत्येकावर पेनिट्रेटिंग ऑइल मारत राहा, सकाळ-संध्याकाळ. सोमवारी आधी बोल्टच्या भोवतीच्या ॲल्युमिनियमला हीटगनने गरम करा, बोल्टला नाही. पेट्रोलची नळी काढून लांब ठेवल्याशिवाय हीटगन लावायची नाही. मग पाना आधी आवळण्याच्या दिशेने किंचित, तेव्हा कट् आवाज येतो, आणि मगच उलटा. मोडलाच तर उरलेल्या टोकाला मोठा नट वेल्ड करून फिरवतात, बहुतेक वेळा निघतो. नवीन बोल्ट ३१६ स्टीलचे, आट्यांवर मरीन ग्रीस लावून.